हिला नॉर्मल कर, महाराजा

वन्सं,

काल ग्रामदेवाची पालखी आपल्या दारावरून गेली. आत आली नाही. घरात सुतक असताना ती आत येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी सकाळी उठून मी दारापुढचं खळं झाडलं. रांगोळी नव्हती काढायची, तोरण नव्हतं लावायचं, पण शिमग्यात पालखीच्या दिवशी खळं तसंच ठेवायला मन होईना. दरवर्षी मी झाडायचे आणि तुम्ही माझ्या मागून येऊन एखादं पान शोधून काढायचात. "वैनी, ह्ये ऱ्हायला." काल झाडून झाल्यावर एक पान दिसलं. मी ते उचललं नाही.

मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर पेन धरलं ते सही करण्यापुरतं. माझ्या नेहाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती फाडून घेतली आहेत. हे कोणाला दाखवायचं नाही. दिवसभर टपरीवर बसून आपण दोघी बोलायचो, आता ते बोलणं तोंडात साठून राहतं आणि रात्री जेवताना घास उतरत नाही. म्हणून लिहिते.

एकच गोष्ट मनातून जात नाही. यंदा पालखीपुढे गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडे घरासाठीचं मागणं, तुम्ही घालणार होतात, तुमच्या तोंडानं. काय मागणार, ते कोणाला सांगितलं नव्हतंत, मलाही नाही. "पालखी आली की सांगन," एवढंच. आणि पालखी यायच्या आधी तुम्ही गेलात.

मी या घरात आले तेव्हाचं तुम्हाला आठवत होतं, कारण तुम्ही ते सगळ्यांना सांगायचात. माझ्या आईनं मला शिकवून पाठवलं होतं, की नवऱ्याची मोठी बहीण म्हणजे वन्सं, तिला अहोजाहो करायचं, सणावाराला पाया पडायचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या पायाशी वाकले तर तुम्ही दचकून मागे सरलात आणि मागच्या भाताच्या कणगीवर आपटलात. सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, अगो, तिच्या काय पाया पडतेस, ती तसली. मला 'तसली' म्हणजे काय ते नीट कळलं नाही. तुम्ही चालताना एका बाजूला झुकायचात, बोलताना शब्द थोडे उशिरा यायचे, आणि हसलात की हसणं लवकर थांबायचं नाही, एवढं दिसलं होतं. संध्याकाळी मी विचारलं, वन्सं, चहा घेता? तुम्ही मागे वळून बघितलंत, मी कोणाला विचारते म्हणून. मागे कोणी नव्हतं. मग कप तसाच ठेवून तुम्ही वाडीत गेलात आणि दारोदारी सांगून आलात, "ती मना तुमी बोलते."

त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. मी बुजरी, मला दुसरं काही येतच नव्हतं. पण त्या दिवसापासून या घरात माझं एक माणूस झालं. तुमचा भाऊ लग्नानंतर सुट्टी संपवून मुंबईला गेला, तो गणपतीला आला. मधले महिने मी कोणाशी बोलले असते? हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ आली नाही असं वाटायचं. रोज तर शेजारी बसायचात.

तेव्हा लोक तुम्हाला खुळी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पोरंसुद्धा. तुम्हीही कमी नव्हतात. खुळी म्हणणाऱ्याच्या बापाला, आज्याला, गोठ्यातल्या रेड्यालासुद्धा खुळा म्हणून मोकळ्या व्हायचात आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचात.

नॉर्मल हा शब्द आपल्या घरात आणला तो दादांनी. थोरले दीर मुंबईला मोठ्या सोसायटीत वॉचमन, दिवसभर शिकल्यासवरल्या माणसांचं बोलणं कानावर. घरी पाहुणे आले की तुमच्याकडे बघून खाली आवाजात सांगायचे, आमची बहीण जरा नॉर्मल नाही. खुळी म्हटल्यावर पाहुणे हसायचे, नॉर्मल नाही म्हटल्यावर मान हलवायचे आणि हळू बोलायचे. मला वाटलं, चला, निदान शब्द तरी सुधारला. मग एक दिवस लक्षात आलं, की खुळी म्हटलं की तुम्ही उलट शिवी द्यायचात आणि नॉर्मल नाही म्हटलं की गप्प बसायचात. त्या शब्दाला उलटं काय बोलायचं तेच तुम्हाला सुचायचं नाही. आमच्यापैकी कोणाला तरी कुठे सुचत होतं?

सासूबाई गेल्या त्या वर्षीच्या शिमग्यात तो शब्द पालखीपुढे गेला. आपल्या वाडीत घरातला थोरला पुरुष गाऱ्हाणं घालतो. पालखी खळ्यात नाचवून झाली, बायकांनी ओटी भरली, ढोल थांबले. दादा नारळ घेऊन पुढे झाले. पोरांच्या नोकऱ्या मागितल्या, कलमांना मोहोर मागितला, आणि शेवटी म्हणाले, "आणि आमच्या सुलीला नॉर्मल कर रे महाराजा." सगळे एका आवाजात म्हणाले, होय महाराजा. तुमचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तुम्हाला गाऱ्हाण्याला होय म्हणायला फार आवडायचं, मग ते कशाचंही असो.

त्यानंतर दरवर्षी तेच. पोरांच्या नोकऱ्या लागल्या, त्या ओळी गाऱ्हाण्यातून गेल्या. तुमची ओळ तेवढी राहिली.

तुम्ही त्या शब्दाचा माग काढायला लागलात तो हातखंब्याच्या टपरीपासून. नेहा शाळेत जायला लागल्यावर आपण तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, टपरी घातली. पाण्याच्या बाटल्या, कोकमाचं सरबत, आमसुलं, भाजलेले काजू. गाडी थांबली की माणसं उतरायची आणि पाणी मागायची. मी लाजून नुसती बाटली पुढे करायचे. शेजारचा टपरीवाला मात्र विचारायचा, थंड की नॉर्मल? ते तुम्ही ऐकलंत आणि मला कोपरानं ढोसलंत. "वैनी, नॉर्मल बाटलीत असतो?"

मी सांगितलं, बर्फात नाही ठेवलेलं ते नॉर्मल.

"म्हणजे जसा हाय तसा?"

मी हो म्हटलं. तुम्ही बराच वेळ बाटलीकडे बघत बसलात. दुसऱ्या दिवसापासून विचारायचं काम तुमचं झालं. गिऱ्हाईक समोर आलं की तुम्ही उभ्या राहायचात, पदर सारखा करायचात आणि विचारायचात, थंड की नॉर्मल? शब्द उशिरा यायचे, पण हा यायचा बरोबर. आणि एखाद्यानं थंड मागितलं की त्याच्याकडे असं बघायचात जसं काही त्यानं ताडी मागितली. कोणा म्हाताऱ्याला तर सरळ सांगायचात, थंड घशाला वायट, नॉर्मल घ्या. त्यावरून आपलं किती वाजायचं. बर्फ मी आणायचा, पेटीत मी भरायचा, आणि तुम्ही लोकांना नॉर्मल पाजायचं. संध्याकाळी पेटीतलं पाणी ओतून देताना मी पुटपुटले की तुम्ही तिकडे तोंड करून बसायचात. ते भांडण मिटलं नाहीच. शेवटच्या दिवसापर्यंत आपण दोघी आपापल्या बाजूला राहिलो. काल पेटी धुतली तेव्हा वाटलं, आता मीच जिंकले. जिंकून काही मिळालं नाही.

मग तो शब्द तुम्हाला सगळीकडे सापडायला लागला. माझं ब्लाऊज शिवायला टाकलं तिथे शिंपी म्हणाला, फिटिंग नॉर्मल ठेवू ना? तुम्ही लगेच माझ्याकडे बघितलंत. शेजारणीची सून बाळंत झाली, शेजारीण फोनवर कोणाला तरी म्हणाली, नॉर्मल झाली. मला विचारलंत, तुझी कशी झाली होती? मी म्हटलं, नॉर्मलच. "पण तू तर गुरासारखी वरडत होतीस," तुम्ही म्हणालात. खरंच होतं ते. मी रात्रभर ओरडले होते आणि नर्सबाई मला धीर देत सांगत होती, सगळं नॉर्मल आहे. आंबेवाला सांगायचा, फळ नॉर्मल साईजचं आहे, म्हणजे लहान आहे. नेहाला कॉलेजात मार्क किती म्हणून विचारलं तर ती म्हणायची, नॉर्मल, म्हणजे सांगण्यासारखे नाहीत. तुम्ही एकेक ऐकून घरी घेऊन यायचात आणि जेवताना आमच्या पुढ्यात मांडायचात.

एकदा नेहानं कंटाळून तुम्हाला अर्थ सांगितला. आत्या, नॉर्मल म्हणजे चारचौघांसारखं. तुम्ही विचारलंत, चारचौघं कोण? ती म्हणाली, कोणीही, आपल्या घरातली धर. मग तुम्ही बोटांवर मोजायला लागलात. दादा? तो टीव्हीवरल्या माणसांशी भांडतो. माझा धाकटा भाऊस? तो मुंबईसून येतो नि दोन दिवस झोपून काढतो. वैनी? ती कुत्र्यालापण अहो बोलते. आणि तू, तू आरशात बघून दात दाखवतेस. नेहा इतकी हसली की तिला ठसका लागला. "मग चारचौघं कोण, आत्या?" तिनं विचारलं. तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, एकपण गावत नाय.

गेल्या शिमग्यात ते झालं.

पालखी आली, नाचली, ओटी भरून झाली. दादा नारळ घेऊन उभे राहिले. मी दाराआड, तुम्ही माझ्यापुढे उंबऱ्यात. दादांनी नेहमीसारखं शेवटी म्हटलं, आमच्या सुलीला नॉर्मल कर रे महाराजा. सगळे होय महाराजा म्हणायला तोंड उघडतात तोवर तुम्ही म्हणालात, "नको."

ढोलवाल्याच्या हातातली काठी वरच राहिली. मागून कोणीतरी हसलं. मानकरी म्हातारे, समजूतदार, त्यांनी पालखीला हात लावून म्हटलं, असू दे महाराजा, लेकरू आहे. आणि पालखी पुढच्या दारी गेली. तुम्ही तेव्हा पन्नाशीला आल्या होतात.

दादांचा चेहरा मी दाराच्या फटीतून बघितला. माणसाला भर पंगतीत पानावरून उठवावं तसा झाला होता. ते तुमच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी तुमच्याशी बोलणंच सोडलं आणि ठरल्या दिवसाच्या आधीच मुंबईला निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी विचारलं, वन्सं, का हो नको म्हणालात? तुम्ही आमसुलं निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "नॉर्मल झाले तर माजा लगीन कराल. नॉर्मल बायका सगळ्या जातात. आई आली ती कुठनं तरी, तू आलीस कुठनं तरी. मना नाय जायचा."

या वयात कोण लग्न करतंय, असं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. पण तुम्ही जे म्हणालात त्यात खोटं काही नव्हतं. मी माझ्या आईला सोडून आले तेव्हा रडत होते आणि सगळे म्हणत होते, असंच असतं. आज कोणी त्यालाच नॉर्मल म्हटलं असतं. तुम्ही एकट्याच अशा, ज्या जन्मल्या त्याच घरात राहिलात, आणि तेच हातचं जाईल म्हणून देवापुढे नको म्हणालात.

मग तुम्ही म्हणालात, "दादाला तू सांग."

वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं, मी दादांशी बोलत नाही. इतक्या वर्षांत त्यांना चहा दिला तो नेहाच्या हातून, निरोप दिला तो तुमच्या भावाच्या तोंडून. डोक्यावरचा पदर त्यांच्यासमोर खाली आला नाही. आणि तुम्ही काम सांगितलंत तेही मला. त्यानंतर पावसाळाभर तुम्ही ते सोडलं नाहीत. भात लावताना, टपरीवर ताडपत्री बांधताना, मधेच विचारायचात, सांगशील ना? मी म्हणायचे, गणपतीला येतील तेव्हा बघू. मला वाटायचं तुम्ही विसराल.

तुम्ही विसरला नाहीत. गणपतीत दादा आले. तुमच्याशी बोलणं तुटकच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसून ते निरांजनं घासत होते. तुम्ही मला मागून हळूच ढकललंत. मी दाराशी उभी राहिले.

"दादा," मी म्हटलं.

त्यांना वाटलं नेहा आहे. मान वर करून बघितलं आणि हातातलं निरांजन खाली ठेवलं. मी जमिनीकडे बघून एका दमात सांगितलं, की वन्सं म्हणतात, शिमग्याला ते गाऱ्हाणं नको.

"कुठला?"

"नॉर्मलचं."

त्यांनी निरांजन उचलून पुन्हा राखेनं घासायला घेतलं. मग म्हणाले, "मी काय तिचा वायट मागतो काय गो?"

मी नाही म्हटलं.

"आईनं जाताना माजा हात धरलान. बोलली, पालखीला इसरू नको, दरवर्षी सांग, हिला शाणी कर. मना तो शब्द चारचौघांत बरा वाटेना. तिला लागल. म्हणून मी इंग्लिश बोललो."

मी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. इतकी वर्षं मला वाटत होतं, दादांना तुमची लाज वाटते म्हणून ते तो शब्द वापरतात. वन्सं, त्यांनी तुम्हाला लागू नये म्हणून तो निवडला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बोटांना राख लागलेली होती, त्यामुळे त्यांना ते पुसता येईना.

तेवढ्यात तुम्ही दुर्वांची जुडी घेऊन बाहेर आलात. "आईला मी सांगितलाय," तुम्ही म्हणालात.

"काय सांगितलास?"

"नको म्हणून. रोज सांगते."

दादा हसले. रडता रडता माणूस हसतो तसे. मग म्हणाले, बरं, तुला काय हवं ते मला सांग, मी मागतो. तुम्ही मान हलवलीत. "तू नको. मी मागन."

"बायका गाऱ्हाणा घालत नाय, सुले."

"बायका तुज्याशी बोलतपण नव्हत्या," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे बोट दाखवलंत.

दादांनी त्या दिवशी तुमच्या हातच्या दुर्वा घेतल्या. संध्याकाळी मानकऱ्यांकडे जाऊन आले. ते म्हणाले होते, देवाला काय, त्याला ऐकायचंच आहे, कोणी का सांगेना. अशी यंदाची गोष्ट ठरली.

त्यानंतरचे दिवस तुमचे फार चांगले गेले. टपरीवर बसल्या बसल्या तुमचे ओठ हलायचे. मी बघितलं की थांबायचे. मी खोदून खोदून विचारलं. मोबाईल मागणार? नाय. सोन्याचे डूल? नाय. शेवटी मी म्हटलं, मग नवरा मागणार असाल. तुम्ही इतक्या रागानं माझ्याकडे बघितलंत. "मना कामा काय कमी हायत?" म्हणालात, आणि मग तुम्हालाच हसू आलं ते थांबेना. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला काही कळेना, तोही हसायला लागला.

थंडी संपता संपता तुमच्या छातीत कफ धरला. रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावून सांगितलं, की तुमचं हृदय जन्मापासूनच कमजोर आहे, इतकी वर्षं निभावलं हेच खूप. मला त्यातलं निम्मंच कळलं आणि उरलेलं कळून घ्यायचं नव्हतं. तुम्ही खाटेवर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होतात. दुसऱ्या दिवशी नर्सनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, आणि सहज म्हणाली, नॉर्मल आहे हो, मावशी.

तुमचा चेहरा मी कधी विसरणार नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलंत, औषधं देणाऱ्याला सांगितलंत. मग मला म्हणालात, दादाला फोन लाव. मी लावला. तुम्ही फोन दोन्ही हातांनी धरलात आणि ओरडून सांगितलंत, "दादा, आता मागू नको. झाला."

मी फोन घेतला तर दादा नुसते श्वास घेत होते.

त्यानंतर एक दिवस बरा गेला. मग दुसऱ्या दुपारी खाटेवरच तुम्ही थोडी पेज घेतलीत, मीठ कमी आहे म्हणालात, आणि मी ताट धुवायला नळावर गेले. परत आले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपल्या होतात. मी पांघरूण सारखं केलं. बऱ्याच वेळानं मला कळलं.

तुमचा भाऊ आणि दादा दोघेही लगेच आले. शिमग्यासाठी काढलेली रजा त्यांनी या कामाला लावली. दादांनी सगळं नीट केलं. वाडीतल्या एकानं म्हटलं, तिचं काय एवढं करायचं, ती तशी होती, थोडक्यात आटपा. दादांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भटजींना म्हणाले, माझ्या आईचं केलं तसंच करायचं.

आणि काल पालखी आली. लांबून ढोल ऐकू येत होते. आपलं दार जवळ आलं तसे ढोल थांबले, नुसती पावलं ऐकू यायला लागली. सुतकाच्या घरावरून तशीच नेतात. दादा आणि तुमचा भाऊ खळ्याच्या कडेला हात जोडून उभे होते. मी पडवीत, खांबाला धरून. नेहा माझ्या मागे. पालखी रस्त्यावरून हळूहळू पुढे सरकत होती. दादांचे ओठ हलताना मला दिसले, पण आवाज येईना. ते काय मागणार होते? जुनी ओळ आता राहिली नव्हती आणि नवी त्यांना ठाऊक नव्हती.

पालखी बांधाच्या वळणाशी पोचली. एकदा वळली की संपलं.

वन्सं, मी पायऱ्या कधी उतरले ते मला कळलं नाही. पदर डोक्यावर होता की नाही तेही ठाऊक नाही. मी खळ्याच्या मधोमध उभी होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत होता. "महाराजा, आमच्या वन्संच्या मनात काय होतं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. तुला ठाऊक असेल. ते कर."

पालखीचे भोई थांबले. एक म्हातारी हळूच म्हणाली, सुतकात बोलू नये गो. एवढी माणसं माझ्याकडे बघताना मी जन्मात बघितली नव्हती. मग बाजूनं आवाज आला, घोगरा, मोठा.

"होय महाराजा."

दादा होते. मग तुमचा भाऊ म्हणाला. मग मानकरी, मग सगळे. पालखी वळणावरून गेली आणि पुढे गेल्यावर ढोल पुन्हा सुरू झाले.

दादा माझ्याजवळून आत जाताना थांबले. मी पदर ओढून आत पळाले नाही, उभी राहिले, आणि ते गेल्यावर आत गेले.

आता एकच अडचण आहे. गाऱ्हाणं घातलं खरं, पण ते पुरं झालं हे मला कळणार कसं? आज पहाटे आपल्या दारातल्या फणसाला, जो इतकी वर्षं नुसता सावली देतो, बुंध्याशी दोन कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, दिसल्या. मला वाटलं, हे मागितलं होतंत का? दुपारी नेहा म्हणाली, आई, मी रत्नागिरीलाच नोकरी बघणार, लांब नाही जाणार. मला वाटलं, हे असेल. संध्याकाळी तुमचा भाऊ स्वतः उठून चूल पेटवायला बसला, धूर घरभर केला, डोळे चोळत राहिला, पण चहा केला आणि पहिला कप मला दिला. हेही असेल.

तुम्ही काही सांगितलं नाहीत, वन्सं. त्यामुळे आता या घरात जे जे बरं होईल, ते मला तुमचंच धरावं लागणार आहे.